घरच्या घरी प्लायवूड सरळ आणि अचूक कापायचं कसं?

टेकडीवरचा
नमस्कार मंडळी,
पुस्तकांसाठी भिंतभर कपाट स्वतः करायचं डोक्यात घेतलंय. १८ मिमीचे ८ बाय ४ चे शीट आणून गच्चीवर ठेवलेत. (सोसायटीची परवानगी आहे, त्यावरून धागा पेटवू नये ही विनंती.) ७ इंची सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची, हातात धरून चालवायची करवत) आहे, सोबत आलेलं २४ दातांचं ब्लेड त्यावरच आहे. चांगल्या शीटला हात लावण्याआधी एका जुन्या शीटवर हात साफ करून बघितला, तर अडचणी अशा:

८ फुटी काप दोन्ही टोकांना बरोबर येतो, मधे पोट सुटतं, ३ मिमीपर्यंत. वरची कड उंदराने कुरतडल्यासारखी निघते. आणि एकाच मापाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले तर ते एकाच मापाचे नसतात.

दुकानदार म्हणतो टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर आलेली करवत) घ्या, प्रश्न मिटेल. पैसे कसेबसे जमतील, पण जागा नाही. खरंच टेबल सॉशिवाय गत्यंतर नाही का? कपाट पुण्यात, करणारा हौशी, घाई नाही.

चिवडा_वऱ्हाडी
पयला प्रश्न. ८ फुटी शीट गच्चीवर नेलं कसं? लिफ्टमधे तर मावत नाही.

टेकडीवरचा
जिन्याने. चौथ्या मजल्यावरच्या वळणावर शीट उभं केलं तेव्हा कुठे फिरलं. आता कापाकडे वळूया का?

रंधेकर
टेबल सॉ अजिबात घेऊ नका. १८ मिमीचं अख्खं शीट साधारण ३२ ते ३७ किलोचं असतं. ते एका हाताने तोलत छोट्या टेबलावरून ढकलायचं म्हणजे काप सरळ येणं दूरच, शीट तिरकं झालं की ब्लेडमधे अडकून अंगावर फेकलं जातं. मोठ्या टेबलाचा, मागेपुढे आधार असलेला पॅनेल सॉ वेगळा. घरगुती टेबल सॉ छोट्या तुकड्यांसाठी. मोठं शीट असेल तर शीट जागेवर राहू द्यायचं आणि मशीन चालवायचं.

तुमचं पोट सुटतं कारण तुम्ही मशीनला लावलेली पट्टी मधे वाकते. लाकडी रीप लावली होती ना? दोन टोकांना क्लॅम्प, मधे ८ फूट मोकळी. मशीनचा दाब पडला की ती ३ मिमी सहज सरकणार.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडे जा आणि चौकोनी पाइपचा सेक्शन मागा. रुंद बाजू ३ इंच तरी हवी. १२ फुटी लांबीत मिळतो, त्यातला ९ फूट कापून घ्या. दुकानात उचलून एका टोकाकडून डोळा लावून बघायचा, वाकडा असेल तर दुसरा मागायचा, लाजायचं नाही.

सरळ आहे की नाही याची खात्री घरी अशी: शीटवर पाइप ठेवून टोकदार पेन्सिलने अख्खी रेघ मारा. मग पाइप पलटवून, म्हणजे तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने लावून, त्याच दोन टोकांमधून पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एक झाल्या तर पाइप सरळ. मधे फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी. गुण्याही असाच पलटवून तपासायचा. नवाकोरा गुण्या काटकोनात असतोच असं नाही.

मुग्धा_सा
मी इंटिरिअर करते, म्हणून उलटं मत मांडते. हे सगळं करायचंच कशाला? कटिंग लिस्ट बनवा, पॅनेल सॉ असलेल्या वर्कशॉपमधे शीट पाठवा, फुटामागे पैसे घेऊन अर्ध्या दिवसात कापून देतात. त्या मशीनला मुख्य ब्लेडच्या पुढे एक छोटं स्कोअरिंग ब्लेड असतं, ते उलट दिशेने फिरतं आणि खालच्या थराला दीडदोन मिमी खाच पाडून ठेवतं. मागून मोठं ब्लेड येतं तेव्हा उडायला कपचा उरलेलाच नसतो. घरच्या मशीनवर ही सफाई येणं कठीण.

मात्र लिस्ट देताना एक बघा. एज बँड (कापलेली कड झाकायची पट्टी) लावायचं असेल तर माप एज बँडसकट दिलंय की वगळून, हे कागदावर लिहा. दोन्ही कडांना २ मिमीचं बँड असेल तर ४ मिमीचा फरक पडतो, आणि तो नेहमी ड्रॉवरच्या तोंडावरच कळतो.

खटपटराव
+१ मुग्धा. पण आमच्याकडच्या एका दुकानाने "मशीन कटिंग" म्हणून दिलेले तुकडे ४-५ मिमीने कमीजास्त होते. विचारलं तर म्हणे "फिटिंगमधे ॲडजस्ट होतं साहेब". मशीन किती का भारी असेना, माप वाचणारा माणूस घाईत असेल तर काय उपयोग.

टेकडीवरचा
मुग्धा, पटतंय. पण मला कापायचंच आहे हो. कापलेले तुकडे आणून स्क्रू मारायचे तर तयार कपाटच घेतलं असतं.

ऱ्हाईनकाठी
इथे जर्मनीत बाउहाउस, हॉर्नबाख असल्या दुकानांत शीट घेतलं की तिथेच उभ्या पॅनेल सॉवर कापून देतात. मी मोठे काप तिथे मारून घेतो, कारण अख्खं शीट माझ्या गाडीत मावत नाही. नेमके काप घरी, ट्रॅक सॉवर.

ट्रॅक सॉ म्हणजे सर्क्युलर सॉच, फक्त तो अॅल्युमिनियमच्या रुळावर बसतो, आणि रुळाच्या कडेला रबरी पट्टी असते. पहिल्यांदा चालवलं की ब्लेड ती पट्टी स्वतःच्या रेघेवर कापून घेतं. पुढे पट्टीची कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची की झालं, ब्लेड तिथेच उतरणार. शिवाय ती पट्टी लाकडाचे तंतू दाबून धरते, त्यामुळे त्या बाजूला कपचे उडत नाहीत. रूळ साधारण १४०० मिमीचे येतात, ८ फुटी कापाला दोन जोडावे लागतात. जोडताना दुसरी सरळ कड लावूनच घट्ट करायचे, नाहीतर जोडावर बारीकसा कोन राहतो.

न्यूजर्सीकर_७
अमेरिकेत होम डेपोतही कापून देतात, पण तिथला माणूस मूडमधे हवा. आणि इथलं "पाऊण इंची" प्लाय खरं २३/३२ इंच असतं. पाऊण इंच धरून खाच पाडली तर फळी खाचेत खुळखुळते.

रंधेकर
ऱ्हाईनकाठींनी सांगितलं तेच घरी फुकटात होतं. ६ मिमी प्लायची फूटभर रुंद, ८ फूट लांब पट्टी घ्या. तिच्यावर १२ मिमी प्लायची तीनचार इंची पट्टी फेविकॉलने आणि खालून छोट्या स्क्रूने बसवा. वरच्या पट्टीची सरळ कड म्हणजे तुमचा रूळ. आता मशीनची पाटली (खालचा सपाट पत्रा) त्या कडेला टेकवून एकदा चालवा. खालची ६ मिमीची पट्टी बरोबर ब्लेडच्या रेघेवर कापली जाईल. झाला ट्रॅक. पाटलीपासून ब्लेडपर्यंतचं अंतर दर वेळी मोजायची कटकट संपली, आणि कडेचे तंतूही दाबून धरले जातात.

दोन गोष्टी मात्र आहेत. वरची पट्टी १२ मिमीपेक्षा जाड नको, खोली लावल्यावर काही मशीनची मोटर तिला किंवा क्लॅम्पला घासते. काप मारण्याआधी मशीन बंद ठेवून टोकापासून टोकापर्यंत एकदा नुसती सरकवून बघावी. आणि ब्लेड बदललं की ट्रॅक बदलला. जाड ब्लेडसाठी कापलेला ट्रॅक बारीक ब्लेडला खोटं माप देतो. मी प्रत्येक ट्रॅकवर मार्करने ब्लेडचे दात लिहून ठेवतो.

यमू
वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). _/\_

साडेतीन_सूत
बारा वर्कशॉपचं पाणी प्यालेला माणूस आहे, म्हणून लिहितो. एवढा मोठा सॉ, ट्रॅक, रूळ हे सगळं ठीक. आपल्याकडचे ९०% मिस्त्री ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून अख्खं फर्निचर कापतात. हलका, एका हातात मावतो, १८ मिमी आरामात जातं. पाइप लावून कापा, काम फत्ते.

रंधेकर
मिस्त्री करतात म्हणून हौशी माणसाने करावं असं नाही. मार्बल कटर दगड-टाइलसाठी बनलेला. त्याचं गार्ड अर्धवट असतं, खालून वर येणारं झाकण नसतं, बहुतेक मशीनना बटण लॉक होतं. हात सुटला तरी ब्लेड फिरतंच. आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, १२-१३ हजारांच्या घरात. ब्लेडवर जी कमाल आरपीएम छापलेली असते ती मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे का, हे किती जण वाचतात?

साडेतीन_सूत
आरपीएमचा मुद्दा मान्य. मीही नवीन पोरांना ब्लेडवरचा आकडा वाचायला लावतोच. पण "करूच नये" हे पुस्तकी झालं. आपल्याकडे खेड्यापाड्यात दुसरं मशीन मिळतं कुठे?

डॉ_ठसका
सूतराव, माझ्या अपघात विभागात येणाऱ्या बोटांच्या जखमांत कटर आणि ग्राइंडरचा वाटा मोठा असतो, एवढंच सांगतो. आणि हातमोजे घालून फिरत्या ब्लेडजवळ जाऊ नका. लोकांना वाटतं मोज्याने बोट वाचेल. मोज्याचा धागा अडकला की हातच ओढला जातो.

दुसरं म्हणजे धूळ. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मधेच माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, मुख्यतः नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगासाठी. फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे, आणि प्लायचे थर चिकटवायचा डिंक युरिया किंवा फिनॉल फॉर्मल्डिहाइडचाच असतो. एखाद्या कपाटाने काही होत नाही, घाबरू नका. पण गच्ची मोकळी आहे म्हणून नाकाला रुमाल बांधून भागवू नका. एन९५ नीट बसवून वापरा, डोळ्यांना गॉगल, कानाला प्लग.

चिवडा_वऱ्हाडी
डॉक्टरसाहेब आले की धाग्यात एकदम रुग्णालयाचा वास येते बाप्पा 😄 पन बरोबर बोलले.

फणसगरे
आमच्या घरात सुतारकी तीन पिढ्यांची. प्लाय आमच्याकडे माझ्या लहानपणी आला, त्याआधी सगळं फणस, साग, आइन. बाबा प्लायलासुद्धा हातकरवत लावायचे. बारीक दातांची करवत, अगदी निजवून धरलेली, आणि रेघ पेन्सिलीची नाही, पटाशीच्या टोकाची. गुण्या लावायचा आणि पटाशीने वरचा थर चिरायचा. चिरलेल्या रेघेबाहेर कपचा जातच नाही. आजही सर्क्युलर सॉने कापताना मी कटरने आधी दोनदा रेघ चिरतो. आडव्या कापाला, म्हणजे वरच्या थराचे तंतू जिथे तुटतात तिथे, हे केल्याशिवाय सफाई नाही. उभ्या कापाला नाही केलं तरी चालतं.

टेकडीवरचे, तुमचे दोन तुकडे जुळत नाहीत कारण तुम्ही प्रत्येक तुकडा वेगळा मोजताय. मोजायचं एकदाच. पहिला तुकडा नमुना. बाकीचे त्याच्यावरून, किंवा एकाच ठोकळ्याला टेकवून. टेप दुसऱ्यांदा बाहेर आली की चूक आलीच.

खटपटराव
टेपवरून आठवलं. टेपचं पुढचं नाक हलतं म्हणून माझ्या साडूंनी ते हातोडीने ठोकून पक्कं केलं होतं. नंतर प्रत्येक आतलं माप चुकायला लागलं. ते हलतं कारण ते हलायलाच हवं. नाकाच्या पत्र्याची जेवढी जाडी तेवढंच ते सरकतं. बाहेरून अडकवलं की पुढे येतं, आत टेकवलं की मागे जातं, दोन्हीकडे माप खरं.

अनुजा_के
नेमकं माप हवं असेल तर मी १०० मिमीच्या खुणेवरून मोजते. मग शेवटी १०० वजा. नाकाचा प्रश्नच नाही.

चिवडा_वऱ्हाडी
अन् वजा करायचं विसरलं की कपाट १०० मिमीने छोटं. अनुभवाचे बोल, पन माझे नाही, शेजाऱ्याचे.

टेकडीवरचा
सगळ्यांचे आभार. फणसगरे, "टेप दुसऱ्यांदा बाहेर" हे भिंतीवर लिहितो. आता एक शंका. चांगली बाजू वर ठेवायची की खाली? यूट्यूबवर दोन्ही सांगतात.

साडेतीन_सूत
वर. खूण वर, नजर वर, चांगली बाजूही वर.

रंधेकर
नाही. सर्क्युलर सॉचं ब्लेड शीटमधे खालून शिरतं आणि दात वर येताना लाकूड कापतात. कपचे जिथून दात बाहेर पडतात तिथे उडतात, म्हणजे वर. म्हणून हातातल्या सॉला चांगली बाजू खाली. जिगसॉच्या साध्या ब्लेडचे दातही वर ओढतात, तिथेही खाली. टेबल सॉवर ब्लेड खाली आणि दात वरून खाली येतात, म्हणून तिथे चांगली बाजू वर. यूट्यूबवर दोन्ही सांगतात कारण दोघांची मशीन वेगळी.

ट्रॅक लावून, रेघ चिरून कापत असाल तर वरची बाजूही साफ निघते, तेव्हा हा वाद बराचसा संपतो. पण ट्रॅकने न दाबलेल्या बाजूचा तुकडा, म्हणजे ब्लेडच्या पलीकडचा, तो मात्र वरून कुरतडलेलाच राहणार.

साडेतीन_सूत
ब्लेडच्या फिरण्याचं बरोबर आहे. आमच्याकडे वरून सनमाईका बसतो, त्यामुळे कपच्याचं कुणाला पडलेलं नसतं. व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) किंवा नुसतं पॉलिश असेल तर रंधेकर म्हणतात तसं करा.

मुग्धा_सा
आणि २४ दातांचं ब्लेड बदला आधी. ते लाकूड फाडायला, उभं चिरायला. ७ इंचीला प्लायसाठी ४० दात, व्हिनिअर असेल तर ६० दातांचं, एकाआड एक तिरके दात असलेलं टीसीटी, म्हणजे दातांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेलं. निम्मे कपचे तिथेच थांबतील. भोक बघून घ्या, मशीनचा दांडा २० चा आणि ब्लेडचं भोक २५.४ किंवा ३० चं असेल तर मधे रिंग लागते. बहुतेक ब्लेडसोबत येते, पण दुकानातून निघण्याआधी पाकीट उघडून बघा.

अनुजा_के
ब्लेड मंद झालंय असं वाटलं तर आधी धुवून बघा. प्लायचा डिंक दातांवर काळा थर धरतो. ब्लेड काढून (प्लग भिंतीतून काढल्यावरच!) धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशने घासायचं. लगेच कोरडं पुसा. मला "गेलेलं" वाटलेलं ब्लेड त्यानंतर बरंच चाललं.

यमू
मी भाड्याच्या फ्लॅटमधे राहते, गच्ची नाही. हॉलमधे फरशीवर शीट ठेवून कापता येईल का? की फरशीही कापली जाईल?

खटपटराव
फरशी कापली तर डिपॉझिट कापलं जाईल 😀

ऱ्हाईनकाठी
यमू, येतं. खाली दीडदोन इंची फोम शीट टाका, घरांच्या इन्सुलेशनसाठी मिळतं ते घट्ट. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा फक्त ४-५ मिमी जास्त ठेवा. ट्रॅकचे ६ मिमी त्यात धरायला विसरू नका. फोमवर ओरखडा पडतो, फरशीला काही होत नाही. सर्वात मोठा फायदा म्हणजे दोन्ही तुकड्यांना पूर्ण आधार. शीट स्टुलांवर ठेवून कापलं की काप पूर्ण होताना तुकडा खाली झुकतो, फट मिटते, ब्लेड चिमटीत सापडतं आणि मशीन मागे उसळते.

अनुजा_के
थर्माकोल टाकू नका बरं का, पॅकिंगचं. चालतं, पण ते पांढरे मणी घरभर उडतात, पायाला, पडद्याला, मांजराला चिकटतात. चार रिपा आडव्या टाकणं बरं. रिपांनाही ओरखडे पडतात, पडू द्यावे.

साडेतीन_सूत
शीटच केळ्यासारखं वाकलं असेल तर? स्वस्तातल्या प्लायमधे सगळा घोटाळा तिथूनच. आतल्या थरात पोकळी असते, ब्लेड पोकळीवरून जाताना उडी मारतं. कापलेल्या कडेला डोकावून बघा, मधे काळी भोकं दिसतील. सरळ कापाचा निम्मा भाग दुकानातच ठरतो. शीट उभं करून कडेवरून डोळा लावायचा, बोटाने टकटक करत फिरवायचं, पोकळ आवाज कळतो. आयएसआयचा शिक्का बघा. साध्या वापराला आयएस ३०३, पाण्याचा संबंध असेल तर आयएस ७१०. पुस्तकांना ७१० ची चैन लागत नाही.

फणसगरे
कोकणात लागते, सूतराव. पावसाळ्यात भिंतीला लावलेलं एमआर (नुसती दमट हवा सोसणाऱ्या) ग्रेडचं प्लाय खालून फुगून येतं. पुण्यात चालून जाईल.

खटपटराव
अवांतर: पुण्यात सामान कुठून घेता? टिंबर मार्केट सोडून?

टेकडीवरचा
प्लाय भवानी पेठेतूनच. ब्लेड, क्लॅम्प वगैरे बोहरी आळी. एका गल्लीत एवढी दुकानं आहेत की क्लॅम्प आणायला गेलो आणि नको असलेलं बरंच घेऊन आलो.

न्यूजर्सीकर_७
मुंबईत नागदेवी स्ट्रीट. सुट्टीवर आलो की एक चक्कर ठरलेली. ब्लेड इथूनच घेऊन जातो, सामानाच्या बॅगेत.

रंधेकर
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण कटिंग लिस्टबद्दल कुणी बोललं नाही. टेकडीवरचे, कपाटाच्या उभ्या फळ्या किती रुंदीच्या धरल्यात? शीटची ४ फूट रुंदी म्हणजे १२२० मिमी, तिचे चार भाग म्हणून ३०५ असतील तर होणार नाही. ब्लेडही लाकूड खातं. अडीच मिमीचं ब्लेड असेल तर तीन कापांत साडेसात मिमी भुसा झाला. उरले १२१२.५, प्रत्येकी जेमतेम ३०३. शिवाय कंपनीची कड सरळ असतेच असं नाही, वाहतुकीत तिचे कोपरे बसलेले असतात. आधी एक कड स्वतः सरळ कापून घ्यायची आणि पुढची सगळी मापं तिच्यावरून. ३०० ठरवलंत तर चार फळ्या आणि तीन काप मिळून १२०७.५ होतात, कड साफ करायला साडेबारा मिमी हातात उरतात.

टेकडीवरचा
अगदी ३०५ च धरले होते! ३०० करतो.

साडेतीन_सूत
मिलिमीटरवाल्यांचं असं असतं. आम्ही "एक फूट, दोन सूत कमी" म्हणून मोकळे होतो. एक सूत म्हणजे सव्वातीन मिमीच्या आतबाहेर. ब्लेडचा भुसा त्या सुतातच जातो.

मुग्धा_सा
आणि मग दार लागत नाही म्हणून मला फोन येतो, सूतराव 🙂

साडेतीन_सूत
दार लागत नाही ते बिजागरीमुळे! (बरं, कधीकधी सुतामुळे.)

अनुजा_के
चौकट गुण्यात आहे का ते बघायला छोटा गुण्या पुरत नाही. कर्ण मोजा. २१०० बाय ३०० च्या फळीत दोन्ही टोकं एकाच दिशेने १ मिमी तिरकी असतील तर दोन कर्णांत जवळपास २ मिमीचा फरक दिसतो. म्हणजे चूक दुप्पट होऊन समोर येते, टेपवर सहज वाचता येते. अख्ख्या शीटवर काटकोन काढायचा असेल तर एका कडेवर ९००, दुसरीवर १२०० खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५०० यायला हवं. शाळेतलंच पायथागोरस.

खटपटराव
शाळेत सर म्हणायचे पुढे उपयोग होईल. आत्ता कुठे झाला.

डॉ_ठसका
एक बिनवैद्यकीय प्रश्न. फळ्यांची लांबी किती? माझ्या दवाखान्यातल्या ३ फुटी फळ्या पुस्तकांनी झोळ्या झाल्यात.

रंधेकर
चांगलं विचारलंत. झोळ लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. ६०० ची फळी ९०० केली, म्हणजे लांबी दीडपट, तर झोळ पाचपट. १८ मिमीला पुस्तकांसाठी ७५० च्या पुढे जाऊ नये. जायचंच असेल तर पुढच्या कडेला खाली दीड इंची सागाची पट्टी उभी लावा. आणि वरच्या थराचे तंतू फळीच्या लांबीत यायला हवेत, आडवे नकोत. कटिंग लिस्ट करताना प्लाय वाचवायच्या नादात लोक फळी आडवी फिरवतात, तिथे घोळ होतो.

टेकडीवरचा
फळ्या ७०० च्या, म्हणजे वाचलो. अपडेट देतो. ४० दातांचं ब्लेड आणलं, ट्रॅक बनवला, जुन्या शीटवर चालवून पाहिला. पोट गेलं! कडेला बोट फिरवलं तर कुसळ नाही. आडव्या कापाला रेघ चिरून घेतली, फणसगरे यांचा विजय असो. पण एक नवीन त्रास. ८ फुटी कापाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही टोकांच्या दोनतीन इंचांत ब्लेड किंचित बाहेर पळतं.

ऱ्हाईनकाठी
ट्रॅक शीटएवढाच लांब आहे, म्हणून. ब्लेड शीटला लागतं तेव्हा पाटली पूर्ण ट्रॅकवर यायलाच हवी, आणि बाहेर पडतानाही तिचा मागचा भाग ट्रॅकवरच राहायला हवा. दोन्ही बाजूंना ६ ते ८ इंच जादा हवा. ८ फुटी प्लायमधून ९ फुटी ट्रॅक निघत नाही, ही पंचाईत आहे खरी.

फणसगरे
पंचाईत कसली. तुमच्या उभ्या फळ्या २१०० च्या ना? मग आधी शीट आडवं कापा, २१०० ला. राहिलेल्या ३४० च्या तुकड्यातून वरच्या-खालच्या बारीकसारीक पट्ट्या निघतील. आता २१०० वर ८ फुटी ट्रॅक ठेवा, दोन्हीकडे १७० मिमी जादा. लोक आधी उभं चिरतात आणि मग आडवं, म्हणून अडकतात.

साडेतीन_सूत
फणसगरेसाहेब, मानलं. हे आम्हीही कधी या क्रमाने केलं नाही.

यमू
आधी आडवं कापल्याने शीट लिफ्टमधेही मावेल ना? 🙂

चिवडा_वऱ्हाडी
यमूताईंना माझ्याकडून एक प्लेट तर्री पोहे.

टेकडीवरचा
केलं. दोन चांगल्या शीटचे काप झाले, चार उभ्या फळ्या एकावर एक ठेवल्या तर नखाने चाचपूनही पायरी लागत नाही. कर्ण १ मिमीच्या आत. आता शेवटचा प्रश्न. पाठीला ६ मिमीचं प्लाय आहे. त्यासाठी खाच पाडू की मागून नुसतं ठोकू? राउटर (खाच पाडायचं मशीन) नाही.

मुग्धा_सा
मागून ठोका. फक्त जोडणीच्या क्रमाकडे लक्ष द्या. पाठीचं प्लाय आधी काटेकोर गुण्यात कापा, मग कपाट जमिनीवर पालथं घालून पाठीच्या एका कडेला जुळवा, तिथे स्क्रू मारा, आणि दुसरी कड जुळेपर्यंत चौकट कोपऱ्यातून ढकला. पाठच चौकटीला काटकोनात धरते. सगळीकडून ४ मिमी छोटी कापली तर बाजूने कड दिसणार नाही.

रंधेकर
आणि तिसऱ्या शीटला हात लावण्याआधी ट्रॅकच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. ६ मिमीची कड उन्हात पडून वाकते. गच्चीवर ठेवला असेल तर आजच खाली आणा, आडवा झोपवून ठेवा, भिंतीला टेकवून नाही.

टेकडीवरचा
भिंतीलाच टेकवलाय. निघालो वर.